चिल्लरची सुट्टी

"आत्या, डाव्या कुशीवर झोपवलंस की उशी पाठीशी नाही द्यायची. गुडघ्यांमध्ये द्यायची."

"तिसऱ्यांदा सांगते आहेस."

"आणि गोळी चुरडून..."

"सुपात. पाण्यात दिली की ठसका लागतो. झालं समाधान?"

चिल्लरचे बूट घालून झाले होते, वेणी घालून झाली होती, बॅग दाराशी उभी होती. चेहऱ्यावर मात्र घराबाहेर निघालेल्या माणसाचे एकही लक्षण नव्हते. ती पुन्हा पलंगापाशी गेली आणि वडिलांच्या अंगावरची चादर, जी मी नुकतीच सरळ केली होती, ती तिने पुन्हा सरळ केली.

"हे बघ," मी म्हणाले, "चार मुलं वाढवली मी. तीन सुना आणल्या आणि तिघींनाही वळण लावलं. तुझ्या बापाला तर मी कडेवर घेऊन हिंडवलाय. एक आठवडा मला जड नाही."

"तसं नाही गं. पण ते काय म्हणतात ते तुला कळणार नाही."

"कडेवर होता तेव्हा तरी कुठे बोलत होता? अडलं का माझं काही?"

पलंगावरून माझा धाकटा भाऊ म्हणाला, "पुढे चला."

"पाणी हवंय त्यांना," चिल्लर म्हणाली आणि बूट घातलेल्या पायांनीच स्वयंपाकघराकडे वळली. पाणी आणले. भावाने तोंड फिरवले. "नाही का? मग खिडकी लावू? ऊन येतंय का डोळ्यांवर?"

"पुढे चला," तो पुन्हा म्हणाला, या वेळी जरा चढ्या आवाजात.

माझा भाऊ बसचा कंडक्टर होता. उभा जन्म त्याने गर्दीतून वाट काढत घालवला. दोन वर्षांपूर्वी डेपोत हजेरीच्या खिडकीपाशी तो खाली बसला, तो पुन्हा स्वतःच्या बळावर उठला नाही. उजवे अंग गेले आणि अंगाबरोबर वाचा गेली. डॉक्टरांनी तेव्हा सांगितले, की जन्मभर विचार न करता उच्चारलेले शब्द अशा माणसांच्या तोंडी कधीकधी मागे उरतात. कोणाच्या तोंडी शिवी उरते, कोणाच्या तोंडी प्रार्थना. माझ्या भावाच्या तोंडी 'पुढे चला' उरले. मान होकाराला हलवायची की नकाराला, हेही त्याचे उलटसुलट होई, त्यामुळे विचारून खात्री करून घेण्याची सोय नव्हती. पाणी हवे असले तरी पुढे चला, उशी टोचत असली तरी पुढे चला. समोरच्या घरातल्या बाई पहिल्यांदा समाचाराला आल्या तेव्हा त्यांनाही त्याने तेच ऐकवले. त्या खुर्चीवरून उठल्या आणि "बसूसुद्धा देत नाहीत हो," असे म्हणत चालत्या झाल्या.

या दोन शब्दांचा अर्थ लावण्याचे काम चिल्लरकडे होते. आवाज कुठे चढला, कुठे उतरला, डोळा कोणत्या बाजूला गेला, यावरून ती ओळखी. तिची आई ती पाच वर्षांची असताना गेली, आणि घरात तिसरे कोणी नाही. सकाळी वडिलांचे अंग पुसणे, दाढी करणे, हातापायांचे व्यायाम, मग शाळा. दुपारी धावत घरी येऊन त्यांचे जेवण, पुन्हा शाळा. हे सारे ती चौदाव्या वर्षापासून एकटीने करीत आली होती, आणि करताना तोंडाने गाणी गुणगुणत असे, त्यामुळे कोणाच्या लक्षातही आले नाही.

'चिल्लर' हे नाव भावाचेच. जन्मली तेव्हा मूठभर होती. "दिवसभर माझ्याकडे चिल्लर टिकत नाही, आता निदान घरी तरी राहील," असे तो म्हणाला होता. मला ते नाव कधीच पसंत पडले नाही. मुलीला शोभेलसे एक नाव मी सुचवले होते. ते तिच्या शाळेच्या दाखल्यावर आहे, आणि तिथेच राहिले आहे.

शहरातल्या मदत केंद्राचे तळ्याकाठी एक घर आहे. घरच्या आजारी माणसाचे सगळे ज्या मुलांना करावे लागते, त्यांना उन्हाळ्यात आठवडाभर तिथे नेतात. तिथे काम काही नाही. खावे, पोहावे, झोपावे. गेल्या उन्हाळ्यातही चिल्लरचे जाणे ठरले होते. केंद्राने भावाजवळ राहायला एक नर्सही पाठवली होती. चिल्लर बॅग घेऊन रस्त्यापर्यंत उतरली, गाडी आली, आणि वरच्या खिडकीतून भावाचा आवाज घसा फोडून आला. "पुढे चला! पुढे चला!" ती तशीच धावत वर आली. "मला जाऊ नको म्हणतात," असे तिने नर्सला सांगितले, आणि गाडी तिच्यावाचून गेली. त्यानंतर दोन दिवस भावाने अन्नाला तोंड लावले नाही. चिल्लरने त्याचाही अर्थ लावला. आपण निघालोच कशा, याचा त्यांना राग आला आहे, असा.

त्या वेळी मी धाकट्या सुनेच्या बाळंतपणात होते. या वर्षी केंद्रातल्या बाईंचा मला फोन आला. मुलगी वार्षिक परीक्षेत उत्तरपत्रिकेवर डोके टेकून झोपली होती. पेपर तसाच कोरा गेला. "आम्ही सोळा वर्षांपर्यंतच्याच मुलांना नेतो," बाई म्हणाल्या. "तिला यंदा सोळावं आहे. ही शेवटची संधी आहे. पण ती तयार होत नाही."

"ती तयार होईल," मी सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी सुनांच्या हाती घर सोपवून निघाले.

घंटेविषयी सांगायचे राहिले. डेपोतली एक जुनी बस मोडीत निघाली, तेव्हा भावाच्या सोबत्यांनी तिच्यातली घंटा काढून आणली आणि पलंगाच्या वर, खिडकीच्या चौकटीला ठोकली. तिची दोरी त्याच्या डाव्या हाताशी सोडलेली. एकदा ओढली की टिंग. एक घंटा म्हणजे थांबा. बसमध्येही तोच अर्थ, आणि घरातही तोच. टिंग झाले की चिल्लर हातातले काम जिथल्या तिथे थांबवून त्याच्यापाशी येई. गाडी सोडायची खूण दोन घंटांची. डबल बेल म्हणतात तिला. ती त्या खोलीत कधी वाजली नव्हती. तिथून कोणती गाडी सुटणार होती?

पण वारा सुटला की दोरी आपोआप हले, आणि घंटा किणकिणे. मी आले त्या दुपारी चिल्लर टेबलावर डोके ठेवून झोपली होती. खिडकीतून वारा आला, घंटा जेमतेम वाजली, आणि मुलगी उठून पलंगाशी उभी राहिली. डोळे मिटलेलेच. "काय बाबा?" बाबा घोरत होते. त्या क्षणी मी मनाशी पक्के केले, की हिला हाताला धरून गाडीत बसवावे लागले तरी बसवीन.

तर निघण्याच्या त्या सकाळी दार वाजले आणि केंद्राचा ड्रायव्हर आत आला. पांढरी दाढी, पोट त्याच्या दोन पावले पुढे, आणि श्वास दोन पावले मागे.

"जिना आहे का डोंगर हो! कुठाय सामान?" असे म्हणता म्हणता त्याचे लक्ष घंटेकडे गेले आणि तो जागीच थबकला. "अरे! ही तर जुन्या गाडीतली घंटा. आजी, उभं आयुष्य हिच्या तालावर काढलंय मी. आता निवृत्त झालो, तर ही पोरं आणतो नेतो. कंडक्टर का तुम्ही साहेब?"

"पुढे चला," भाऊ म्हणाला.

"हो साहेब, निघालोच," ड्रायव्हर म्हणाला आणि त्याने बॅग उचलली.

"नाही काका," चिल्लर घाईने म्हणाली, "त्यांना ते नाही म्हणायचं. त्यांची उशी सरकलीय बहुतेक."

ड्रायव्हरने उशीकडे पाहिले. उशी होती तिथेच होती. "असेल बुवा," तो म्हणाला. "नाव काय गं तुझं?"

"चिल्लर."

"चिल्लर?" त्याचे पोट हसण्याने हलले. "म्हणजे तू तर जन्माची सुट्टी! मग सुट्टीवर जायला एवढी का का-कू करतेस?"

मला हसू आले नाही. पण विनोद चुकीच्या ठिकाणी नव्हता, हे मान्य केले पाहिजे. चिल्लर वडिलांच्या कपाळावर हात ठेवून जरा वेळ उभी राहिली. "येते हं बाबा. आठच दिवस. आत्या आहे." मग माझ्याकडे वळून, "आत्या, काही झालं तर लगेच फोन कर."

"काही होणार नाही. चल, पायऱ्या उतर."

ती गेली. मी पलंगापाशी खिडकीत उभी राहिले. घर पहिल्या मजल्यावर असल्यामुळे रस्ता अगदी पायाखाली दिसतो. खाली छोटी पांढरी गाडी उभी होती, आत चार-पाच मुले. ड्रायव्हरने बॅग मागे टाकली आणि तो पुढे स्टिअरिंगपाशी जाऊन बसला. चिल्लर मागच्या दाराशी आली, तिने एक पाय पायरीवर ठेवला.

तेवढ्यात माझ्याशेजारून आवाज फुटला. "पुढे चला! पुढे चला! पुढे चला!"

भावाचा चेहरा लाल झाला होता, मानेच्या शिरा ताणल्या होत्या. खाली चिल्लरने झटकन वर पाहिले. पायरीवरचा पाय तिने काढला नाही, पण दाराच्या कडेवरचा हात सुटला.

"आत्या! बघ, गेल्या वर्षीसारखंच. नको म्हणतात ते!"

"चढ गाडीत!" मी ओरडले. रस्त्यावर ओरडण्याचा माझा स्वभाव नाही.

"त्यांना त्रास होतोय आत्या! मी येते वर. काका, माझी बॅग काढा."

मी भावाकडे वळले. "धाकट्या, काय सांगायचंय तुला? जाऊ नको म्हणतोस तिला?" त्याने डावी मूठ गादीवर आपटली. "मग? जा म्हणतोस?" त्याने पुन्हा मूठ आपटली. डोळ्यांतून पाणी आले. मान एकदा वर-खाली हलली, लगेच डावी-उजवी हलली, आणि आपल्याच मानेचा त्याला असा काही संताप आला, की त्याने माझ्याकडून तोंड फिरवले आणि दोरी पकडली.

टिंग टिंग.

दोन घंटा, स्वच्छ, एकामागून एक, मध्ये जेवढे अंतर असावे तेवढेच.

आणि खालची गाडी सुटली.

ड्रायव्हरचा त्यात दोष नव्हता. आयुष्यभर त्या आवाजावर त्याच्या हातापायांनी डोक्याला न विचारता काम केले होते. गाडी चार पावले गेली असेल. चिल्लरचा एक पाय पायरीवर होता, दुसरा तिला उचलावाच लागला. आतल्या दोन मुलांनी तिला दंडाला धरून आत ओढले, आणि मग ब्रेक करकचून लागला.

"आईशप्पथ!" ड्रायव्हर खिडकीतून डोके काढून म्हणाला. "सवयीनं सुटली हो! डबल बेल पडली ना!"

"पोरीला पाडून मारणार होतात!" मी वरून म्हणाले.

"चुकलं आजी! पण बेल पडली ना!"

चिल्लर दारात उभी होती. दोन्ही पाय गाडीत. ती माझ्याकडे पाहत नव्हती, ड्रायव्हरकडे पाहत नव्हती. तिची नजर खिडकीच्या चौकटीवरच्या घंटेवर होती. कंडक्टरची मुलगी ती. एक घंटा काय आणि दोन काय, हे तिला पाढे येण्याआधी येत होते.

"बाबा?" ती म्हणाली. रस्त्यावरून एवढ्या हळू आवाजात म्हटलेले वर ऐकू येत नाही. पण तिचे ओठ मी पाहिले.

"पुढे चला," भाऊ म्हणाला. आता तोही ओरडला नाही.

टिंग टिंग.

चिल्लरने गाडीचे दार स्वतःच्या हाताने ओढून लावले.

गाडी वळणापलीकडे गेल्यावर मी खुर्चीत बसले. गेल्या उन्हाळ्यात त्याने हेच म्हटले होते, आणि आज सकाळी पाणी नाकारतानाही हेच. त्याच्या दोन शब्दांचे आम्ही सर्वांनी इतके अर्थ लावले होते, की त्यांना स्वतःचाही एक अर्थ आहे, हे कोणाच्या ध्यानात उरले नव्हते. तो परका ड्रायव्हर जिना चढून आला आणि त्याने तेवढाच ऐकला.

"दमलास?" मी भावाला विचारले. तो गाढ झोपी गेला होता.

दुपारी जेवणाच्या वेळी मात्र माझी परीक्षा सुरू झाली. सूप केले, बटाटा उकडून कुसकरला, चमचा त्याच्या तोंडाशी नेला.

"तोंड उघड."

त्याने उघडले नाही.

"धाकट्या, तोंड उघड म्हणते ना."

माझ्या घरात या स्वरात सांगितलेले कोणी टाळत नाही. त्याने ओठ घट्ट मिटले आणि छताकडे पाहू लागला. मी सूप गरम केले, गार केले, मीठ घातले, पाणी घातले. लहानपणी तो कडू औषधासाठी ओठ मिटून बसे, तेव्हा मी त्याचे नाक दाबीत असे. ते आता करण्यासारखे नव्हते. संध्याकाळीही तोच प्रकार. गोळी सुपातच राहिली. अंधार पडायच्या सुमारास माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. मुलीला मी हट्टाने धाडली आहे. याने असेच केले तर उद्या तिला परत बोलवावे लागेल, आणि पुन्हा कोणतीही गाडी तिच्यासाठी या दाराशी उभी राहणार नाही.

तेवढ्यात फोन वाजला.

"आत्या! गंमत ऐक!" चिल्लरचा आवाज. पाठीमागे मुलांचा गलका. "दुपारी आम्ही सगळे जेवायला बसलो ना, मोठ्या टेबलाशी, आणि कुणी जेवेचना! जो तो शेजारच्याच्या ताटात! माझ्या शेजारचा मुलगा आहे ना, त्याच्या आईला दिसत नाही, तर तो मला सांगतोय, बटाटा डावीकडे, पाणी उजवीकडे, जपून, गरम आहे. आणि मी त्याच्या सुपावर फुंकर घालतेय! समोरच्या दोघी एकमेकींचे घास बारीक करून देतायत. शेवटी स्वयंपाकीणबाई आल्या नि ओरडल्या, 'इथे आजारी कोण आहे? कुणी नाही ना? मग गिळा मुकाट्यानं!'"

ती हसत होती. माझ्या कानांना तिचे हसणे अनोळखी वाटले, इतक्या दिवसांत ते ऐकले नव्हते. मग ती एकदम थांबली.

"बाबा जेवले ना?"

खोटे बोलणे मला येत नाही. "नाही."

मग ती म्हणाली, "मी सकाळी निघते. काकांना सांगते."

"तू निघायचं नाहीस. तू त्याला कसं भरवतेस ते सांग. चमचा वेगळा आहे का?"

"नाही."

"मग?"

"आत्या, तू हसशील."

"मी हसत नाही, तुला ठाऊक आहे."

"तिकीट मागायचं," ती अगदी हळू म्हणाली.

"काय मागायचं?"

"अगं, चमचा म्हणजे पैसे. तो पुढे करायचा आणि म्हणायचं, 'एक फुल द्या.' की ते घेतात आणि म्हणतात, पुढे चला. मग पुढचा प्रवासी. चमचा अर्धाच भरला असेल तर 'एक हाफ' म्हणायचं. नाहीतर त्यांना चालत नाही, फसवल्यासारखं वाटतं. आणि गोळीला पास म्हणायचं. पास दाखवला की ते बघतात आणि घेतात. तुला सांगायची लाज वाटली. तू इतकी... म्हणजे तू तशी नाहीस ना."

"मी कशी आहे ते मी बघते. तू जेव आणि झोप."

फोन ठेवून मी सूप पुन्हा गरम केले. तीन सुनांची सासू मी. ज्या टेबलाशी मी बसते तिथे कोणी मोठ्याने चमचाही वाजवीत नाही. मी खिडकीचा पडदा ओढून घेतला. मग भावासमोर बसले, चमचा भरला, आणि घसा साफ करून म्हणाले, "एक फुल द्या."

त्याने छतावरची नजर खाली आणली. माझ्याकडे नीट निरखून पाहिले, असल्या प्रवाशाला आत घ्यावे की नाही ते ठरवीत असल्यासारखे. त्याच्या ओठांची डावी कड थरथरू लागली. मग त्याने तोंड उघडले, चमचा घेतला, गिळला, आणि म्हणाला, "पुढे चला."

"एक फुल."

"पुढे चला."

"एक हाफ. मूल लहान आहे."

"पुढे चला."

वाडगा संपत आला तेव्हा मी म्हणाले, "मी वयस्कर बाई आहे. मला सवलत मिळेल का?" आणि तो हसला. तोंडाच्या एकाच बाजूने, पण आवाज करून, पोटातून. सूप माझ्या पदरावर उडाले. मी हसत नाही, हे मी चिल्लरला खरे तेच सांगितले होते; त्या संध्याकाळपुरते ते खरे राहिले नाही. पासही त्याने पाहिला आणि घेतला.

त्यानंतर आमचे बरे चालले. उशी की पाणी, हे मला सगळे कळू लागले असे नाही. चुकले की तो घंटा वाजवी, आणि मी दुसरे काही करून पाही. चिल्लरचा फोन संध्याकाळी येई. पोहायला शिकवणारे मास्तर तिला पाण्यावर नुसते पडून राहायला सांगत, आणि तेच तिला जमत नव्हते. "हातपाय मारू नकोस म्हणतात. पाणी धरेल तुला म्हणतात. पण माझे हातपाय थांबतच नाहीत गं." दोन दिवसांनी म्हणाली, "आत्या, आज जमलं. कान पाण्यात बुडले की काहीच ऐकू येत नाही. काहीच!"

नंतर एका संध्याकाळी फोन आलाच नाही. भावाने फोनकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. मीही दोनदा फोन उचलून तो चालू असल्याची खात्री करून घेतली.

"विसरली," मी म्हणाले.

"पुढे चला," तो म्हणाला आणि डाव्या बाजूने हसला. त्या दिवशी त्याने एकाही हाफशिवाय वाडगा संपवला.

माझ्या घरूनही फोन येत होता. माझ्यावाचून काही अडले नाही, असे थोरल्या सुनेने सांगितले. मधलीने सांगितले. धाकटीनेही सांगितले. सांगताना तिघींच्या आवाजात जी टवटवी होती ती माझ्या कानांतून सुटली नाही. मी त्यावर विचार केला, आणि आठवडा संपण्यापूर्वी केंद्रातल्या बाईंना फोन करून निर्णय कळवला. दर महिन्याचा पहिला आठवडा मी भावाकडे राहीन. उरलेल्या दिवसांत केंद्राने दुपारची नर्स पाठवावी; मुलीने शाळेतून धावत घरी यायचे नाही. बाई म्हणाल्या, "बघते, कसं जमतंय ते."

"बघू नका," मी म्हणाले. "पाठवा." त्यांनी पाठवली.

चिल्लर परत आली ती भर दुपारी. वळणावर गाडीचा भोंगा वाजला, तसा भाऊ उशीवर जरा वर सरकला आणि त्याने दोरी हातात घेतली. गाडी खिडकीखाली आली.

टिंग.

गाडी थांबायचीच होती, तिथेच थांबायची होती. तरीही ड्रायव्हरने खिडकीतून हात काढून सलाम केला. "बेल मिळाली साहेब!"

चिल्लर जिना चढून आली. नाक उन्हाने सोलवटलेले, केस ओले, खांद्यावर कोणाचा तरी टॉवेल. वडिलांच्या गालाला गाल लावून तिने किती वेळ काय काय सांगितले, ते मी ऐकले नाही, कारण मी तिचे ताट वाढत होते. मग तिला उठवून टेबलाशी बसवले. दोन घास खाऊन ती उठू लागली. "आधी बाबांचं..."

"आजारी माणूस माझ्या ताब्यात आहे," मी म्हणाले. "तू गिळ."

तिने ताट संपवले. गरम अन्न ताटात गार होण्यापूर्वी संपवताना मी तिला प्रथमच पाहिले. मग ती पलंगाशेजारच्या आरामखुर्चीत जाऊन बसली, तळ्याचे काहीतरी सांगू लागली, आणि वाक्याच्या अर्ध्यावर झोपली. पायांत बूट तसेच.

मी भांडी आवरायला आत गेले. थोड्या वेळाने पडदे हलल्याचे ऐकू आले; दुपारचा वारा सुटला होता. माझे हात थांबले. आता घंटा किणकिणणार आणि मुलगी डोळे मिटून पलंगाशी उभी राहणार. मी वाट पाहिली. पडदे फडफडत होते, कागद उडाल्याचा आवाज आला, घंटा वाजली नाही.

दारातून मी डोकावले. चिल्लर तोंड उघडे टाकून झोपली होती. पलंगावर भाऊ जागा होता. ओठ सुकले होते, पाण्याचा पेला त्याच्या हाताच्या पलीकडे होता. आणि डाव्या मुठीत त्याने दोरी गुंडाळून छातीशी घट्ट दाबून धरली होती, वाऱ्याने हलू नये म्हणून. मी चवड्यांवर चालत जाऊन त्याला दोन घोट पाणी पाजले. त्याने माझ्याकडे पाहून ओठ हलवले. आवाज काढला नाही. मला कळले, आणि मी निमूटपणे बाहेर पडले.

वारा पडेपर्यंत त्याने मूठ सोडली नाही.